अर्ध्या कोठीचा नकाशा

लखनौच्या जुन्या इमारतींबद्दल काहीतरी लिहा, असं इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक मला म्हणाले, तेव्हा मी त्यांना सांगितलं की मला या शहरातल्या काही इमारतींची अर्धीच माहिती आहे. त्यांना तो विनय वाटला. "अहो पाटणकरबाई, तीस वर्षं तुम्ही त्याच इमारती मोजल्यात," ते म्हणाले. मोजल्यात खऱ्या, पण काही अर्ध्याच. नेमकं सांगायचं तर समोर उभं राहिल्यावर डाव्या हाताला येते ती अर्धी. त्यांची उजवी बाजू मी मोजलेली नाही. हे असं छापून कबूल करायला निवृत्त व्हावं लागलं, कारण पेन्शन सुरू झाल्याशिवाय असल्या गोष्टी बोलू नयेत, एवढी अक्कल सरकारी नोकरीने मला नक्की दिली.

मी ड्राफ्ट्समन होते. सांगलीला डिप्लोमा केला, मिरजेहून लग्न होऊन इथे लखनौत मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत आले आणि नवऱ्याच्या बदलीची वाट बघत असताना जुन्या इमारतींच्या सरकारी खात्यात चिकटले. बदली झाली नाही, मी चिकटून राहिले. पदाचं नाव ऐकून माणसांना वाटायचं की मी इमारती उभ्या करते. मी फक्त उभ्या असलेल्या इमारती कागदावर आडव्या करायचे. समजा तुमचं घर छातीच्या उंचीवर सुरीने आडवं कापलं आणि वरचा भाग झाकणासारखा काढून ठेवला, तर वरून जे दिसेल तो प्लॅन. हे ऐकायला सोपं आहे. पण जुन्या घराची एकही खोली काटकोनात नसते. चारही भिंती मोजल्या तरी खोली कळत नाही, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मापही घ्यावं लागतं. एका खोलीला अशी निदान सहा मापं, शिवाय दारं, खिडक्या, कोनाडे. मोठ्या कोठीत खोल्या चाळीस आणि बाहेर पारा चव्वेचाळीस. तेव्हा माणूस शॉर्टकट शोधतोच.

आमचा शॉर्टकट गोऱ्या साहेबाने आम्हाला आयता दिला होता.

झालं असं की दोनशे वर्षांपूर्वी इथल्या नवाबांना विलायती घरांचं वेड लागलं. इंग्लंडातले जमीनदार शहरापासून लांब, आपल्या शेतीवाडीच्या मधोमध मोठी घरं बांधत. मधे उंच चौकोनी इमारत, समोर खांब, बग्गी थेट दारापर्यंत येईल असा रस्ता, आणि दोन्ही बाजूंना सारखेच पसरलेले दोन हात. दिलकुशा कोठी तर तिकडच्या एका खऱ्या घराच्या नमुन्यावरून उभारलेली. ती पाहून मग लहानमोठ्या सरदारांनी आपापल्या आमराईत तसल्याच कोठ्या उठवल्या. तिकडे सगळं दगडात. आपल्याकडे दगड कुठे? मग तळहाताएवढ्या पातळ लखौरी विटा रचायच्या आणि वरून चुन्याचा असा गिलावा घोटायचा की दगडाने मान खाली घालावी. त्या गिलाव्यात चुना, विटांची भुकटी, गूळ, बेलफळाचा गर आणि उडदाची डाळ. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एका मिस्त्रीने मला हे सगळं सांगितलं आणि तो जेवणाबद्दल बोलतोय असं समजून मी त्याला विचारलं, फोडणी कशाची देता. खात्यात हा किस्सा मी निवृत्त होईपर्यंत चालला.

या कोठ्यांत गमतीही पुष्कळ. विलायतेत तळघर नोकरांचं, वर मालक. इकडे ज्येष्ठ-वैशाखात तळघरासारखी थंड जागा नाही, म्हणून उन्हाळ्यात नवाबसाहेब खाली आणि नोकर वर तापलेल्या खोल्यांत. आणि आंधळ्या खिडक्या. म्हणजे बाहेरून डावीकडे खिडकी आहे, तर उजवीकडेही हवीच. आत तिची गरज असो नसो. मग भिंतीवर चुन्यातच खिडकी काढायची, चुन्याचीच झडपं, वर हिरवा रंग. विलायती घराचं पहिलं व्रत म्हणजे डावं-उजवं सारखं.

आणि डावं-उजवं सारखं असेल, तर दोन्ही मोजायचं कशाला?

माझ्याबरोबर टेपचं दुसरं टोक धरायला शुक्लाजी असायचे. खात्यातले जुने सुपरवायझर, तोंडात कायम पान. डावी बाजू संपली की ते टेप गुंडाळत म्हणायचे, "मैडम, अंग्रेज़ी नमूने की कोठी है। दाएँ-बाएँ में बेईमानी नहीं होती।" मग आम्ही घरी. पूर्वी मी ट्रेसिंग पेपर मधोमध दुमडून डावी बाजू उजवीकडे गिरवायचे. पुढे कॉम्प्युटर आला, तेव्हा माझी गिरवण्याची सवय सुटत नव्हती, तर माझी मुलगी शेजारी उभी राहून म्हणाली, "आई, सीधा मिरर मार दो ना।" मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. एक बटण दाबलं आणि उजवी बाजू तयार. खात्यात सगळ्यांत झरझर नकाशा देणारी म्हणून मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते अजून बैठकीत टांगलंय, अगदी सरळ. भिंत वाकडी आहे.

गिऱ्हाइकंही नामी मिळाली. एक गृहस्थ रोज डबा घेऊन यायचे आणि त्यांच्या कोठीच्या पडून गेलेल्या तीन खोल्या नकाशात उभ्या दाखवा म्हणायचे, कारण वाटणीत त्या त्यांच्या भावाच्या नावावर होत्या आणि भावाला त्या द्यायला त्यांना फार आवडलं असतं. दुसऱ्या एकाला कोठीचं हॉटेल करायचं होतं. इंग्लिश लुक येण्यासाठी एखादी चिमणी वाढवा, असा त्याचा आग्रह. चिमण्या चार आधीच आहेत, असं मी सांगितलं. त्याने वर बघितलं, तेवढ्यात एका चिमणीतून वटवाघूळ निघालं आणि इंग्लिश लुक तिथेच संपला. अशा लोकांना मी हसायचे. माझ्यावर हसण्याची पाळी मलिहाबादला आली.

मलिहाबादच्या वाटेवर आमराईत एक कोठी आहे, सुकूनबाग. लहानशी, पण अस्सल विलायती घाटाची. मधे उंच दिवाणखाना, समोर चार खांब, पूर्वेला एक पाखं, म्हणजे खोल्यांचा पसरलेला हात, पश्चिमेला एक. तिथे सकीना आपा एकट्या राहत. वय पंचाहत्तरच्या पुढे, पांढरा स्वच्छ दुपट्टा, आणि आवाज असा हळू की समोरचा आपोआप पुढे झुकतो. लग्न केलं नव्हतं, आयुष्य त्याच घरात गेलेलं. कोठीत दुसरा हिस्सा त्यांच्या भाच्याचा, अज़हर मियाँचा. ते शहरात राहत आणि त्यांना कोठी, आमराई सगळं एका कॉलनीवाल्या बिल्डरला विकायचं होतं. आपांची सही झाली असती तर सहा महिन्यांत तिथे प्लॉट पडले असते. आपांनी सहीऐवजी आमच्या खात्याला अर्ज केला की कोठी संरक्षित यादीत घ्या. एकदा यादीत नाव चढलं की पाडता येत नाही. त्यासाठी दोन गोष्टी लागतात, राहत्या मालकाची संमती आणि घराचा नकाशा. संमती आपांनी दिली. नकाशा मी देणार होते.

आम्ही गेलो तो जून होता आणि रोज़े चालू होते. आपा दुपारी पश्चिमेच्या पाख्यात आराम करत. पूर्वेची बाजू मी जीव ओतून मोजली, हे मात्र खरं. टोकाला न्हाणीघर होतं, इकडच्या भाषेत ग़ुस्लख़ाना, त्यात मोरी, पाण्याचा दगडी हौद, मोठी खिडकी, सगळं नेमकं टिपलं. मग पश्चिमेकडे बघितलं तर दार लोटलेलं. रोज़ेदार म्हाताऱ्या बाईंना कशाला उठवायचं, असं आम्ही दोघं अतिशय सभ्यपणे एकमेकांना म्हणालो. त्या सभ्यपणाचं खरं कारण सांगते. दशेरी आंबे उतरत होते. शुक्लाजींच्या ओळखीचा बागवान शेजारच्या बागेत होता आणि तो आमची वाट बघत होता. त्या दुपारी मी अकरा आंबे खाल्ले. तरीही निघताना पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून एक फेरी मारली. पूर्वेला खिडकी होती तिथेच इकडेही हिरव्या झडपांची खिडकी होती. झडपं बंद होती. उन्हाचे दिवस, बंद असणारच, असं मी म्हटलं. आंधळ्या खिडक्यांवर नव्या भरतीच्या मुलांना तासभर लेक्चर देणारी बाई मी.

घरी येऊन बटण दाबलं. पूर्वेचं पाखं पश्चिमेला गेलं, मोरी, हौद आणि नावांसकट.

सप्टेंबरात समिती पाहणीला आली. समितीचे अध्यक्ष, एक मोठे साहेब, माझा नकाशा हातात धरून खोलीमागून खोली जुळवत चालले होते. मागे मी आणि शुक्लाजी, बाजूला आपा, दाराशी अज़हर मियाँ. दिवाणखाना जुळला. पूर्व बाजू अशी जुळली की साहेब म्हणाले, "उम्दा काम है।" मी मान खाली घालून हसले. मग आम्ही पश्चिमेच्या टोकाच्या खोलीत गेलो. आपांनी दारात चपला काढल्या, म्हणून आम्हीही काढल्या. आत पांढऱ्या भिंती, खाली चटई, आणि समोर जिथे मी खिडकी काढली होती तिथे चुन्यात घोटलेला सुंदर मेहराबी कोनाडा. त्यापुढे नमाज़ाचं आसन, जानमाज़, अंथरलेलं होतं. काबा इथून पश्चिमेला. ती घरातली नमाज़ाची खोली होती, आणि ती दुसऱ्या कुठल्याच बाजूला असू शकत नव्हती. तिला पूर्वेला जोड नव्हती. साहेबांनी नकाशाकडे पाहिलं, कोनाड्याकडे पाहिलं, परत नकाशाकडे पाहिलं आणि मोठ्याने वाचलं, "ग़ुस्लख़ाना?"

शुक्लाजींनी पान गिळलं, हे मी प्रथमच पाहिलं.

आपा त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आपके काग़ज़ में है तो ग़ुस्लख़ाना ही होगा। हम तो साठ बरस से नमाज़ पढ़ते आए हैं, हमें क्या ख़बर।"

अज़हर मियाँनी मोबाइल काढून नकाशाचा फोटो घेतला. साहेबांनी फाइल मिटली. परत जाताना गाडीत त्यांनी मला एवढंच विचारलं, "आप उस कमरे में गई थीं?" मी नाही म्हणाले. फाइल परत आली. पूर्ण घर मोजून नवा नकाशा द्यावा, पुढची बैठक डिसेंबरात, असा शेरा होता. शेरा सौम्य होता. मला मात्र दोन रात्री झोप लागली नाही, आणि मी एरवी कुठेही झोपणारी बाई आहे. लाज वाटत होती, नुसती लाज. एका म्हाताऱ्या बाईच्या देवघराला मी न देखता मोरी लावली होती.

त्यात शुक्लाजी बातमी घेऊन आले. आपांनी भाच्याला निरोप दिला होता की आता काग़ज़ आणा, सही करते. ज्या सरकारला आम्ही कुठे सजदा करतो ते माहीत नाही, ते घर काय सांभाळणार, असं त्या म्हणाल्या म्हणे. अज़हर मियाँ पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी येणार होते. माझ्या हातात बारा दिवस होते.

मी माफी मागायला गेले. नवरा म्हणाला, रिकाम्या हाताने जाऊ नकोस, म्हणून चिवड्याचा डबा घेतला. आपांनी बसवलं, चहा दिला, चिवड्याची तारीफ केली, मिरजेची चौकशी केली. मी माफी मागितली तर म्हणाल्या, "अरे, आप क्यों शर्मिंदा करती हैं।" मी म्हटलं, परत मोजायचंय. त्यांनी आणखी चहा ओतला आणि म्हणाल्या, "आप थक जाएँगी।" मी मोठ्या खुशीत बाहेर आले आणि शुक्लाजींना म्हटलं, मानल्या वाटतं. शुक्लाजी माझ्याकडे दयेने बघत राहिले. "मैडम, तीस साल हो गए आपको लखनऊ में। साफ़ मना किया है उन्होंने।" मी परत विचार केला. खरंच साफ नकार होता. मिरजेत याच्या दशांश नकारावर आम्ही उठून आलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि टेप घेऊन परत गेले. आत जायची परवानगी नव्हती, म्हणून बाहेरूनच सुरुवात केली. पश्चिमेची भिंत, फाटकाकडून. शुक्लाजी कुरकुरत होते, पण आले होते. त्या दिवशी मोजलं, दुसऱ्या दिवशी तेच ताडून पाहिलं आणि आकडे जुळेनात. दरवेळी पश्चिमेचं पाखं पूर्वेपेक्षा हातभर लांब निघायचं. मला वाटलं टेप चुकली, वय झालं, डोळे गेले. तिसऱ्या दिवशी मी तीच भिंत पुन्हा मोजत होते, तेव्हा चिकाच्या पडद्याआडून आवाज आला.

"बीबी, यह दीवार तो आपने कल भी नापी थी।"

"जी आपा। कल भी ग़लत नापी थी।"

पडद्याआडून हसण्यासारखा एक आवाज आला. "अंदर आ जाइए। धूप में अक़्ल और कम हो जाएगी।"

पुढचे सात दिवस मी ते घर मोजलं. सगळं. उजवीकडून सुरुवात केली, डावीकडे आले, पूर्वेचंही परत मोजलं. चौथ्या की पाचव्या दिवशी शुक्लाजींची कंबर धरली, तेव्हा आपांनी विचारलं की तुम्ही लोक ते टोक नुसतं धरूनच ठेवता ना. मग त्यांनीच टोक धरलं. धरून उभ्या राहायच्या आणि दर मापाला विचारायच्या, "कितना?" मी आकडा सांगितला की तो पुटपुटायच्या. आयुष्य जिथे काढलं ती खोली किती फूट आहे, हे त्यांना तोवर कोणी सांगितलं नव्हतं. मी हातभर लांबीचं कोडं विचारलं, तर म्हणाल्या की कोनाडा भिंतीत खोल जातो, म्हणून मिस्त्रीने ती भिंत दुप्पट जाड केली आणि बाहेरून खिडकी रंगवली. त्यांच्या पणजोबांकडे विलायती घराचं एक चित्र होतं. ते मिस्त्रीला दाखवून त्यांनी सांगितलं, हुबेहूब असंच. "तस्वीर तो बाहर की थी, बीबी। अंदर क्या होता है, किसको मालूम था। तो परदादी ने पूछा, सब ठीक है, नमाज़ कहाँ पढ़ूँगी? अंदर का घर उस सवाल से बना।" तीस वर्षं मी या कोठ्यांवर अहवाल लिहिले होते. विलायती घर इथे येऊन कसं बदललं, हे त्यांतल्या एकाही अहवालात इतकं सरळ आलेलं नव्हतं.

ठरलेल्या रविवारी अज़हर मियाँ आले, तेव्हा दिवाणखान्याचं तिरकं माप चाललं होतं. टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं आपांकडे. मी त्यांना खलनायक ठरवून ठेवलं होतं, पण ते दारातच चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, "फूफी, पिछली बारिश में आपके सिरहाने से दो हाथ पर छत गिरी थी। मुझे रात को नींद नहीं आती। वहाँ कमरा तैयार है, बाथरूम लगा हुआ है, डॉक्टर नीचे ही बैठता है।" त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. छत खरंच पडलं होतं, मी त्याच दिवशी ते मोजलं होतं. त्यांनी कागद पुढे केले. आता आपांनी सही केली असती तर त्यांना अडवायला मला तोंड नव्हतं.

आपा जागच्या हलल्या नाहीत. "ज़रा ठहरो अज़हर, हाथ में फ़ीता है।" मग मला म्हणाल्या, "कितना?"

"इकतालीस फ़ुट साढ़े तीन इंच।"

त्यांनी तो आकडा पुटपुटला आणि भाच्याकडे वळल्या. "पहले यह नाप लें कि हम हैं कितने में। दिसंबर तक रुक जाओ। छत की फ़िक्र है तो छत बनवा दो।" अज़हर मियाँनी कागद पिशवीत घातले आणि शुक्लाजींना विचारलं की चुन्याचा चांगला मिस्त्री कुठे मिळेल.

नकाशा मी हाताने काढला, पेन्सिलीने, बटणावर माझा भरवसा राहिला नव्हता. खात्यात देण्याआधी आपांना दाखवायला नेला. चष्मा लावून त्या बोटाने खोल्या चालत गेल्या. दिवाणखाना, पूर्वेचं न्हाणीघर, जिना, परत फिरून पश्चिमेकडे. नमाज़ाच्या खोलीपाशी बोट थांबलं, कोनाडा कोनाड्याच्या जागी होता. मग ते बोट अलीकडच्या खोलीत आलं आणि तिथेच घुटमळत राहिलं. "और मेरा तख़्त?" खिडकीशी त्यांचा लाकडी तख़्त होता. त्यावर त्या झोपत, बसत, लोकांना भेटत, आंबे मोजून घेत.

मी नियम समजावला. नकाशात सामान काढायचं नसतं. अख्खं घर उलटं करून झटकलं तरी जे पडणार नाही, तेवढंच काढायचं. भिंती, दारं, कोनाडे. खाट, कपाट, माणसं नाहीत.

आपांनी नीट ऐकून घेतलं. "अच्छा," त्या म्हणाल्या. "यानी मैं गिर जाऊँगी।"

मी टेप काढली. त्यांना उठवलं आणि तख़्त मोजला. सहा फूट दोन इंच बाय चार फूट. भिंतीपासून नऊ इंच. तिथेच बसून पेन्सिलीने तो चौकोन काढला, मापं लिहिली आणि खाली सही केली. नोकरीत नियम मोडण्याची माझी ती पहिली वेळ नव्हती, पण आळसाशिवाय दुसऱ्या कारणासाठी मोडलेला तो पहिलाच. डिसेंबरात समितीने नकाशा पास केला. साहेबांचं बोट त्या चौकोनावर क्षणभर थांबलं होतं, पण त्यांनी काही विचारलं नाही. सुकूनबाग यादीत चढली.

त्यानंतर मी कपाटातले माझे जुने नकाशे काढून बसले. बटणाने आणि त्याआधी ट्रेसिंग पेपरने पूर्ण केलेले असे एकंदर चौदा निघाले. प्रत्येकावर लाल शाईने लिहिलं, उजवी बाजू मोजलेली नाही. खात्यात माझी बरीच थट्टा झाली. शुक्लाजींबरोबर जमेल तसं जाऊन मी त्यांतल्या नऊ कोठ्या पुऱ्या मोजल्या. दोन ठिकाणी आत येऊ दिलं नाही. बाकीच्या तीन कोठ्या तोवर पाडून झाल्या होत्या. त्यांच्या डाव्या बाजूला काय काय होतं ते मी तुम्हाला इंचात सांगू शकते. उजवीकडे कोणत्या बाईने काय मागितलं होतं, कुठली भिंत कुणासाठी जाड केली होती, हे आता कोणालाच कळणार नाही. कागदावर तिथे माझी आरशातली खोटी घरं आहेत आणि तीच आता खरी मानली जातील. याबद्दल मला हसू येत नाही.

आपा आणखी तीन हिवाळे त्या घरात राहिल्या. मधल्या काळात मी निवृत्त झाले, तरी दशेरीच्या दिवसांत जायचेच. गेल्या माघात त्या गेल्या, आपल्या खोलीत, त्या तख़्तावर. चाळीस दिवस झाल्यावर अज़हर मियाँनी तख़्त शहरात स्वतःच्या घरी नेला. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच फोन करून सांगितलं. त्यावर कोणी बसत नाही म्हणाले.

मध्यंतरी खात्यातून एका नव्या इंजिनियरचा फोन आला. आता टेप कोणी वापरत नाही. मधोमध एक यंत्र ठेवतात, ते गरागरा फिरतं आणि अख्खं घर, डावं-उजवं, पाच मिनिटांत मोजतं. त्याने सुकूनबाग तशी मोजली होती आणि माझ्या नकाशाशी ताडून पाहत होता. मुलगा हुशार आणि अदबीचा होता.

"मैडम, आपकी ड्रॉइंग से पूरा मैच कर रहा है, आधा इंच का भी फ़र्क़ नहीं," तो म्हणाला. "बस एक जगह गड़बड़ है। पश्चिम वाले कमरे में आपने खिड़की के पास एक चौकोर दिखाया है। वहाँ तो कुछ है ही नहीं।"

"सहा फूट दोन इंच बाय चार," मी मराठीतच बोलून गेले. मग हिंदीत म्हटलं, "मैंने ख़ुद नापा है।"

"जी, लेकिन अब ग़लत दिख रहा है। मिटा दूँ?"

मी त्याला म्हटलं, त्या नकाशाखाली माझी सही आहे. आधी ती मिटव, मग तख़्त मिटव. त्याने अजून दोन्ही मिटवलेलं नाही. मी दर आठवड्याला फोन करून विचारते.